पुण्यातली मोठी सर्व्हिस कंपनी की सोलापुरातली चाळीस माणसांची? आधी वातावरण कसं तपासायचं ते सांगते

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्या एका मुलीच्या हातात दोन ऑफर आहेत. एक कॅम्पसमधून आलेली, पुण्यातल्या मोठ्या आयटी सर्व्हिस कंपनीची: पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास, जॉइनिंगची तारीख अजून आलेली नाही. दुसरी सोलापुरातल्याच होटगी रोडवरच्या चाळीस माणसांच्या कंपनीची: महिना पंधरा हजार, सोमवारपासून ये म्हणतात. दोन्हीकडे काम केलेल्यांनी लिहिलेले अनुभव तिनं वाचले आणि ती जास्तच गोंधळली. एकाच कंपनीला कुणी 'घरासारखं वातावरण' म्हणतं, तर कुणी 'दोन वर्षं वाया गेली' म्हणतं. वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत, आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद पडलेली त्या घरानं पाहिली आहे, त्यामुळे 'कंपनी टिकेल का आणि तिथली माणसं कशी आहेत' हा एकट्या मुलीचा प्रश्न राहिलेला नाही.

मी सोलापूरचीच. पुण्यात सर्व्हिस कंपन्यांमध्ये डेव्हलपरपासून डिलिव्हरी मॅनेजरपर्यंतची कामं केली, शेकडो मुलांच्या मुलाखती घेतल्या, सोडून जाणाऱ्यांशी शेवटची बोलणीही केली. आता सोलापुरात राहून टीम सांभाळते. त्या अनुभवावरून उत्तर देते, आणि वयानं मोठी म्हणून सरळ 'तू' म्हणते.

तू वाचलेले दोन्ही अनुभव खरे असणार. सर्व्हिस कंपनी आपल्या माणसांचं काम दुसऱ्या कंपन्यांना विकते. अमेरिकेतली बँक, लंडनची विमा कंपनी, जर्मनीतला मोटारींचा कारखाना हे तिचे क्लायंट. प्रत्येक क्लायंटचं एक अकाउंट, अकाउंटमध्ये प्रोजेक्ट आणि प्रोजेक्टमध्ये दहा-पंधरा जणांची टीम. तुझा दिवस कसा जाईल ते या टीममध्ये ठरतं. किती वाजता यायचं, कुठली सुट्टी मिळणार, घरून काम चालेल का, यातलं बरंचसं क्लायंट आणि तुझा मॅनेजर यांच्या हातात असतं. बँकेच्या काही ओडीसीत, म्हणजे एकाच क्लायंटसाठी राखून ठेवलेल्या जागेत, मोबाइलसुद्धा बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावरची टीम आठवड्यातून दोनदाच ऑफिसला येत असते. अनुभव लिहिताना दोघंही नाव एकाच कंपनीचं टाकतात.

म्हणून मोठ्या कंपनीबद्दल 'कल्चर कसं आहे' असं विचारून फारसं काही कळत नाही. ज्या टीममध्ये जाणार तिचे पैसे कुठल्या करारावर येतात, हे विचारलं की निम्मं चित्र समोर येतं. माणसं चांगली-वाईट असतातच, पण त्यांना चांगलं वागायला किती जागा आहे ते करार ठरवतो.

काही प्रोजेक्टमध्ये क्लायंट तासांप्रमाणे पैसे देतो. रोज टाइमशीट भरायची, आठ तास बिलेबल, म्हणजे क्लायंटला बिल लावता येण्यासारखे, दिसायला हवेत. तू रजेवर गेलीस की त्या दिवसाचं बिल लागत नाही, म्हणून रजेचा अर्ज पाहिला की मॅनेजरच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या आठ्या तुझ्यावरच्या रागाच्या नसतात, त्याच्या महिन्याच्या आकड्यापायी असतात, पण सोसायच्या तुलाच. जो मॅनेजर एक माणूस जास्तीचा तयार ठेवतो आणि क्लायंटला रजांचं वेळापत्रक आधीच कळवतो, त्याच्या टीममध्ये रजा ही साधी गोष्ट असते. जो ठेवत नाही, त्याच्याकडे बहिणीच्या लग्नालासुद्धा लॅपटॉप घेऊन जावं लागतं.

दुसऱ्या प्रकारात पूर्ण कामाची एकच किंमत ठरलेली असते. इथं सगळ्यात जास्त माणसं भाजून निघतात. काम मिळवण्यासाठी सेल्सच्या लोकांनी सहा महिन्यांचं काम चार महिन्यांत करून देतो असा शब्द दिलेला असतो. ते कमी केलेले दोन महिने टीमच्या रात्रींमधून आणि शनिवार-रविवारांतून काढले जातात. अशा टीममधल्या माणसानं 'इथं आयुष्यच उरत नाही' असं लिहिलं तर तो अतिशयोक्ती करत नाही. त्यातही फरक पडतो. ज्या मॅनेजरनं अंदाजपत्रक करताना स्वतः बसून तास मोजले आणि वर ठामपणे सांगितलं, त्याची टीम वेळेवर घरी जाते.

तिसरा प्रकार सपोर्टचा. चालू सिस्टिम सांभाळायची, तिकिटं, म्हणजे क्लायंटनं नोंदवलेल्या अडचणी, सोडवायची. प्रत्येक तिकिटाला एसएलए, म्हणजे किती वेळात उत्तर द्यायचं ते करारात लिहिलेलं. पी-वन, म्हणजे सगळ्यात तातडीचं तिकीट, आलं म्हणजे क्लायंटचं कामकाज ठप्प, मग रात्रीचे तीन वाजलेले असोत की दुपारचे. चांगल्या टीममध्ये ऑन-कॉलची पाळी लेखी असते, रात्री जागलेल्याला दुसऱ्या दिवशी बदली सुट्टी मिळते. वाईट टीममध्ये ज्याला काम येतं त्यालाच दर वेळी उठवतात. काम येणं हीच तिथं शिक्षा होऊन बसते आणि हुशार मुलं आधी सोडून जातात.

वेळेचा हिशोब तू स्वतः करू शकतेस. लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारी दीड, हिवाळ्यात अडीच. न्यू यॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. सिडनीचे सकाळचे नऊ आपल्याकडे पहाटे साडेचार, आणि तिथल्या उन्हाळ्यात साडेतीन. अमेरिकन क्लायंट असेल तर संध्याकाळी सातनंतरचा कॉल रोजचाच धरून चाल. मग पुढचा प्रश्न विचार: सकाळी किती वाजता हजर राहावं लागतं? 'दुपारी बाराला आलात तरी चालतं' असं उत्तर आलं तर ठीक. सकाळी साडेनऊला हजेरी आणि रात्री नऊला कॉल, हे दोन्ही एकाच माणसाकडून मागत असतील, तर तिथलं 'वर्क-लाइफ बॅलन्स' भिंतीवरच्या पोस्टरपुरतंच आहे असं समज.

आता बेंच. ट्रेनिंग संपलं की बहुतेक फ्रेशर बेंचवर येतात: पगार चालू, प्रोजेक्ट नाही. तुझ्या घरी गिरणीतला बदली कामगार माहीत असेल. पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं, कायम कामगार आला नाही तर आत घ्यायचे, नाहीतर घरी जा. बेंचवरची अवस्था मनानं तशीच असते, फक्त पगार मिळत राहतो. म्हणूनच घरच्यांना ही गोष्ट पटवणं अवघड जातं: 'पगार मिळतोय ना, मग रडतेस कशाला?' पण रोज आपलं नाव कुठे लागलं का ते पाहायचं, मुलाखतीवर मुलाखती द्यायच्या, बरोबरच्या मैत्रिणीला प्रोजेक्ट मिळाला आणि आपल्याला नाही, यानं बावीस वर्षांची मुलं आतून खचतात. ती खचलेली मी पाहिली आहेत. त्यात कुठे नाव लागेल ते तुझ्या आवडीवर फारसं अवलंबून नसतं. जावा शिकवतात आणि टेस्टिंगला पाठवतात, पायथॉनची स्वप्नं असलेल्याला मेनफ्रेमच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या, सपोर्टवर बसवतात. बेंच किती दिवसांपर्यंत चालतो, त्यानंतर काय करतात, मुलींना दुसऱ्या शहरात पाठवतात का, हे तिथल्या फ्रेशरना थेट विचार. एचआर याचं उत्तर गोड देईल.

अनुभव वाचताना तारीख पहिल्यांदा पाहा. २०२१ आणि २०२२ साली कामाला इतकी मागणी होती की माणसं धरून ठेवायला कंपन्या हवं ते देत होत्या, घरून काम होतं, नोकरी बदलणाऱ्याला भरघोस वाढ मिळत होती. २०२३ पासून मागणी थंडावली, कॅम्पसमधून निवडलेली मुलं कित्येक महिने जॉइनिंगची वाट पाहत बसली, ऑफिसला येणं सक्तीचं झालं. २०२२ चा गोड अनुभव वाचून आज निर्णय घेऊ नकोस. मग लिहिणाऱ्याचं शहर, विभाग आणि तिथं काढलेली वर्षं पाहा. दोन महिने झालेल्याचं कौतुक आणि राजीनामा देऊन शेवटच्या आठवड्यात असलेल्याचा संताप, दोन्ही बाजूला ठेव. दोन ते पाच वर्षं काढलेल्यांचं वाच. विशेषणं सोड, घटना शोध: रजा नाकारली, पगार उशिरा आला, राजीनाम्यानंतर हिशोब अडकवला, प्रमाणपत्रं परत दिली नाहीत. मॅनेजरबद्दलची तक्रार त्या टीमपुरती असू शकते. पण तीन वेगळ्या शहरांतले, वेगळ्या विभागांतले लोक शेवटचा हिशोब अडकवल्याचं लिहीत असतील, तर ती वरून आलेली पद्धत आहे.

मूल्यमापनाबद्दल फार लिहीत नाही. वर्षाच्या शेवटी रेटिंग मिळतं, ते बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या प्रमाणात वाटलं जातं: इतकेच उत्तम, इतके मध्यम, काही तळाला. सगळ्यांनी चांगलं काम केलं तरी कुणाला तरी तळाला बसवावं लागतं आणि मग जो नुकताच आला किंवा जो भांडत नाही तो बसतो. त्यावर एकच उपाय मला खात्रीनं चालताना दिसला आहे: दर महिन्याला केलेल्या कामाच्या चार ओळी मॅनेजरला ईमेलनं पाठवायच्या. वर जाऊन तुझ्यासाठी बोलणाऱ्याच्या हातात कागद लागतो.

आता आपल्या सोलापूरच्या कंपनीकडे येते. इथला हिशोब वेगळा आहे. चाळीस माणसांच्या ठिकाणी कल्चर म्हणजे मालकाचा स्वभाव आणि क्लायंटकडून पैसे येण्याची वेळ. मालक भला आहे की नाही हे सोलापुरात दोन दिवसांत कळतं. पैशांचं मात्र कुणी सांगत नाही, आणि तेच खरं विचारायला हवं. कंपनीचं काम कुठून येतं? साखर कारखान्यांची, दवाखान्यांची, टॉवेल-चादरी निर्यात करणाऱ्यांची सॉफ्टवेअर करत असतील तर काम समोर दिसतं, पण वसुली हंगामावर चालते. पुण्यातल्या एखाद्या कंपनीनं पुढे दिलेलं काम करत असतील तर पैसे दोन हातांमधून फिरून येतात आणि मधल्या हातानं उशीर केला की पगार लांबतो. परदेशातला क्लायंट थेट असेल तर तो एकच आहे की चार, हे विचार. एकाच क्लायंटवर चाळीस माणसं असतील तर तुझ्या वडिलांची भीती रास्त आहे. 'गेल्या वर्षभरात पगार दर महिन्याच्या कुठल्या तारखेला झाला?' हा प्रश्न मालकाला विचारू नकोस, तिथं काम करणाऱ्या दोघातिघांना वेगवेगळं विचार.

छोट्या कंपनीचं चांगलं ते खूप चांगलं असतं. पहिल्याच महिन्यात क्लायंटशी बोलायला मिळतं. डेटाबेस, सर्व्हर, स्क्रीन, बिल, सगळं डोळ्यांसमोरून जातं. मोठ्या कंपनीत तीन वर्षं एकाच मोड्यूलची एकच फाइल बदलणारी मुलं मी पाहिली आहेत. शिवाय घरचं जेवण, घरभाडं नाही. पुण्यात साडेतीन लाखांच्या पॅकेजमधून हातात बावीस ते पंचवीस हजारांच्या दरम्यान येतात, कारण त्या आकड्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि कधी व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भागही, मोजलेला असतो. त्यातून पीजी, मेस, प्रवास गेला की सोलापूरचे पंधरा हजार तितके कमी वाटत नाहीत. आणखी एक गोष्ट फारसं कुणी बोलत नाही. सोलापूरच्या ऑफिसात मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी सगळं चालतं; अडलेलं विचारताना जीभ अडखळत नाही. पुण्यात गेलेल्या आपल्या मुलांपैकी कित्येक जण पहिले सहा महिने इंग्रजीच्या धास्तीनं कॉलवर तोंड उघडत नाहीत आणि मॅनेजरला वाटतं, याला काही येत नाही. खरं तर क्लायंटला अलंकारिक इंग्रजी नको असतं. काय झालं, का झालं, कधी सुधारेल, या तीन छोट्या वाक्यांवर त्याचं काम भागतं.

छोट्या कंपनीतला धोका जिव्हाळ्यातूनच येतो. 'आपण सगळे एका घरातले' असं म्हटलं की रविवारी सकाळी फोन येतो आणि नाही म्हणता येत नाही. जादा तासांची नोंद नाही, रजेचा नियम मालकाच्या मनावर, वाढ कधी मिळणार ते 'बघू, दिवाळीनंतर'. आणि सोलापूर म्हटल्यावर मालक तुझ्या मामाला ओळखतो. राजीनामा दिलास की मामाला फोन जातो. नोकरी सोडणं हे नातं तोडल्यासारखं वाटायला लागतं आणि केवळ त्या संकोचापायी दोन-दोन वर्षं अडकलेल्या मुली मला माहीत आहेत. म्हणून ओळखीनं आलीस तरी सगळं लेखी घे. पगार किती, कामाचे तास किती, रजा किती, नोटीस किती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार लेखी नेमणूकपत्र देणं मालकाला बंधनकारक आहे, त्यामुळे ते मागण्यात उद्धटपणा नाही. वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पीएफ लागू होतो. चाळीस माणसं आहेत म्हणजे तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, निघायलाच हवा. पगार एकवीस हजारांच्या आत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमाही येतो, त्यातून आई-वडील तुझ्यावर अवलंबून असतील तर त्यांच्या उपचारांचीही सोय होते. 'पीएफ कापला तर हातात कमी येतील, नको ना?' असं कुणी प्रेमानं विचारलं तर हवाच म्हणून सांग. पुढे पुण्यात जाशील तेव्हा पार्श्वभूमी तपासणीत तोच पीएफचा इतिहास तुझ्या अनुभवाचा पुरावा ठरतो.

बाँड म्हणजे ठराविक मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार. त्याबद्दल आपल्याकडे दोन टोकाच्या समजुती आहेत. कुणी सांगतं बाँडला कायद्यात अर्थच नाही, कुणी घाबरवतं की सोडलंस तर कोर्टात ओढतील. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात निकाल दिला. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख रुपये भरायचे, ही अट न्यायालयानं वैध धरली. नोकरीच्या काळापुरती ठराविक मुदत पाळायला लावणं म्हणजे धंदा-व्यवसाय करण्यावर बंदी नव्हे, असं ठरलं. ती सरकारी बँक होती, भरतीचा तिचा खर्च आणि अडचण न्यायालयानं लक्षात घेतली. त्यावरून कुठल्याही कंपनीनं कितीही रक्कम लिहावी असं होत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवीच असावी लागते. पण 'सही कर, बाँडला कोण विचारतं' हा सल्ला आता धरू नकोस. रक्कम वाच, मुदत वाच, ट्रेनिंग खरंच देणार आहेत का ते पाहा. महिना पंधरा हजार देणारी कंपनी ट्रेनिंग न देता दोन वर्षांसाठी दीड-दोन लाखांचा बाँड मागत असेल तर तिला माणसं टिकवायचा दुसरा मार्ग सापडलेला नाही. मूळ गुणपत्रिका कुणाच्याही कपाटात ठेवायच्या नाहीत. दाखवायच्या, साक्षांकित प्रत द्यायची, घेऊन यायच्या. नोकरीसाठी 'डिपॉझिट' मागणारा भेटला तर तिथंच उठ. खोट्या अनुभवाची कागदपत्रं बनवून देतो म्हणणाऱ्यांच्या तर वाऱ्यालाही उभी राहू नकोस. तपासणीत पकडली गेलेली मुलं जॉइन होऊन वर्ष झाल्यावरही एका दिवसात काढली जातात, त्यांना सावरता सावरता आई-वडिलांचे हाल होतात.

बऱ्याच मोठ्या कंपन्यांत तीन महिन्यांची नोटीस असते. पुढची कंपनी 'महिन्यात ये' म्हणते आणि आधीची सोडत नाही, या कात्रीत पुष्कळ कडवटपणा तयार होतो. राजीनाम्यानंतरचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा असं वेतन संहिता सांगते. बऱ्याच ठिकाणी जुन्या सवयीनं महिना-दीड महिना लावतात. सोडून जाणाऱ्याशी कंपनी कशी वागते हे मी वातावरणाचं सगळ्यात खरं माप मानते, कारण त्या माणसाकडून आता तिला काही मिळायचं नसतं.

मुलगी म्हणून तुला काही गोष्टी वेगळ्या विचाराव्या लागतील आणि त्या विचारताना लाजायचं कारण नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, हा २०१३ चा कायदा आहे. समितीच्या अध्यक्षपदी वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य कंपनीबाहेरची व्यक्ती. चाळीस माणसांच्या कंपनीलाही हे लागू आहे. समितीतल्या नावांचा फलक ऑफिसात लागलेला आहे का, हे मुलाखतीला गेलीस की नुसती नजर टाकून कळेल. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. रात्री उशिराच्या पाळीला तुझी संमती घेणं आणि घरापर्यंत सुरक्षित वाहनाची सोय करणं हे कंपनीचं काम आहे. 'स्वतःच्या गाडीनं येतात की सगळ्या' असं उत्तर मिळालं तर ते आपल्यासाठी ठिकाण नाही. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आज तुला दूरची वाटेल, पण ती घेऊन परत आलेल्या बायका त्या टीममध्ये दिसतात का ते बघ. सहा महिन्यांनी परतलेलीला पुन्हा बेंचवर बसवणारे मॅनेजर आहेत, आणि तिची जागा राखून ठेवणारेही आहेत.

सणांचंही सांगते, कारण हे कळायला आपल्या मुलांना वेळ लागतो. नाताळच्या सुमारास बऱ्याच परदेशी क्लायंटचं काम थांबतं, नवे बदल टाकायचे नाहीत असा आदेश असतो. जानेवारी उजाडला की अडलेलं सगळं एकदम सुटतं. आणि नेमकी त्याच महिन्यात आपली संक्रांत, सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, गड्डा म्हणजे यात्रेतली जत्रा. सोलापूरच्या ऑफिसात त्या दिवशी कुणी काम काढत नाही. पुण्याच्या यादीत ती सुट्टी असेलच असं नाही, आणि मॅनेजरला गड्डा म्हणजे काय ते माहीत नसतं. नोव्हेंबरमध्येच रजा टाकून ठेव, कशासाठी ते सांग. आधी सांगितलेली रजा नाकारणारे कमी असतात.

माहिती कुणाकडून काढायची? एचआरकडून नियम कळतात, वागणूक कळत नाही. तुझ्या कॉलेजमधून तीन-चार वर्षांपूर्वी गेलेल्यांना गाठ. सोमवारी पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये शनिवार-रविवार घरी येऊन परतणारी आयटीची मुलं-मुली असतात, त्यातल्या कुणाची तरी ताई तुझ्या ओळखीची निघेलच. त्यांना 'कंपनी कशी आहे' असं विचारू नकोस, सगळे 'ठीक आहे' म्हणतात. काल शेवटचा कॉल किती वाजता संपला? शेवटची रजा कधी मागितली, काय उत्तर मिळालं? प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे क्लायंटच्या चालू सिस्टिममध्ये, चूक झाली तेव्हा मॅनेजर क्लायंटसमोर काय बोलला: 'आमच्याकडून झालं' की 'त्या नव्या मुलीकडून झालं'? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना समोरच्याचा चेहरा बघ.

आता माझं मत. तुझ्या जागी मी असते तर एकाच गोष्टीवर ठरवलं असतं: पहिली दोन वर्षं माझा कोड रोज कोण वाचणार आहे? ज्याला तुझ्यापेक्षा खूप जास्त येतं असा माणूस तुझं काम ओळीनं वाचून 'हे असं का केलंस' म्हणून विचारत असेल, तर पगारातला फरक पुढे दोनदा नोकरी बदलताना भरून निघतो. होटगी रोडच्या कंपनीत असा एखादा सीनिअर असेल, तिला थेट क्लायंट एकाहून जास्त असतील आणि पगार वेळेवर होत असेल, तर पुण्याच्या मोठ्या नावासाठी तिला सोडू नकोस. असा माणूस तिथं नसेल आणि चाळीसच्या चाळीस जण तुझ्यासारखे नवे असतील, तर पुण्याला जा. तिथं बेंच असेल, रात्रीचे कॉल असतील, पण ट्रेनिंग, कामाची शिस्त आणि पुढच्या नोकरीला लागणारी कागदपत्रं पक्की मिळतील. दोन-तीन वर्षांनी सोलापुरात परत यायची वाट उघडी असते. घरून काम रुळल्यापासून इथं बसून पुण्या-बंगळूरच्या टीममध्ये काम करणारे बरेच जण झाले आहेत, माझी टीमच तशी आहे.

वडिलांच्या प्रश्नाबद्दल. आयटीत गिरणीसारखी 'कायम' नोकरी नसते, ते त्यांना स्पष्ट सांग. मोठी कंपनी बुडण्याची शक्यता कमी, पण तिच्यातलं तुझं अकाउंट बंद पडू शकतं. तेव्हा तू काय शिकली आहेस, त्यावर दुसऱ्या अकाउंटमध्ये जागा मिळते. गिरणी बंद झाली तेव्हा मागावरच्या कामगाराला शहरात दुसरी गिरणी उरली नव्हती. तुझ्यासमोर ती अवस्था नाही, हे त्यांना पटेल असं वाटतं.

आणि या आठवड्यात करायचं ते एवढंच. पुण्याच्या कंपनीला ईमेल करून जॉइनिंगची तारीख लेखी मागव. तारीख आली नाही तर रिकामी बसू नकोस. होटगी रोडच्या कंपनीत बाँड नसेल आणि नोटीस एक महिन्याची असेल, तर पुण्याच्या ऑफरबद्दल मालकाला आधीच मोकळेपणानं सांगून सोमवारपासून जा. मालक ते ऐकून कसा बोलतो, त्यावरूनच त्याच्या ऑफिसचं बरंचसं तुला कळेल.